रसायनशास्त्रातील एम. एस्सी. पदवीच्या अटी : एक भाषिक परीक्षण

विद्यापीठाची नियमावली कोणी आवडीने वाचीत नाही. विद्यार्थी ती प्रवेशाच्या वेळी चाळतो आणि अध्यापक वाद उपस्थित झाला म्हणजे शोधतो. तथापि एखादे शास्त्र आपल्या कोणत्या उपासकास 'जाणकार' म्हणावयास तयार आहे, हे पाहावयाचे असेल तर पाठ्यपुस्तकापेक्षा नियमावलीच अधिक बोलकी ठरते. पाठ्यपुस्तक शास्त्र काय आहे ते सांगते. नियमावली त्यातले किती व कशा रूपात पुरेसे आहे ते ठरविते. ह्या दृष्टीने रसायनशास्त्रातील एम. एस्सी.च्या प्रचलित अटी तपासण्याजोग्या आहेत.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ह्यास अनुसरून महाराष्ट्र शासनाने २०२३ साली पदव्युत्तर शिक्षणाची जी चौकट आखून दिली, तीत दोन वर्षांच्या पदवीसाठी ८० ते ८८ श्रेयांक ठेवले आहेत. मुख्य विषयाच्या अनिवार्य व ऐच्छिक प्रश्नपत्रिका, पहिल्या वर्षी संशोधनपद्धती हा स्वतंत्र विषय, ४ श्रेयांकांचे कार्यप्रशिक्षण किंवा क्षेत्रप्रकल्प, आणि दुसऱ्या वर्षी दोन सत्रांत मिळून १० श्रेयांकांचा संशोधनप्रकल्प, अशी तिची मांडणी आहे. एका वर्षानंतर पदविका घेऊन बाहेर पडण्याची मुभा आहे. चार वर्षांची पदवी घेऊन येणाऱ्यास एका वर्षात एम. एस्सी. होता येते. ह्या सोयींविषयी तक्रार करण्याचे कारण नाही.

लक्ष वेधून घेतो तो 'श्रेयांक' हा शब्द. अभ्यासक्रमपत्रिका बहुधा इंग्रजीतच छापल्या जातात. मराठीत त्यांविषयी लिहिताना 'क्रेडिट'साठी ही संज्ञा रूढ झाली. मूळ शब्दात पेढीचा वास आहे, आणि तो लपविण्याचा कोणी प्रयत्नही केलेला नाही : २०२१ पासून विद्यार्थ्यांचे श्रेयांक साठविणारी जी व्यवस्था देशात सुरू झाली, तिच्या नावातच 'बँक' आहे. मराठी प्रतिशब्दाने मात्र 'श्रेय' हा फार वजनदार संस्कृत शब्द ह्या हिशेबाला जोडून दिला. श्रेय म्हणजे ज्याने कल्याण होते ते, आणि व्यवहारात, केलेल्या कामाचा मान. नियमावलीतील श्रेयांक ह्यांपैकी काहीच मोजीत नाही. तो तास मोजतो.

आणि हे तासही तो सारखे मोजीत नाही. व्याख्यानाचे १५ तास म्हणजे १ श्रेयांक. प्रयोगशाळेत मात्र तेवढ्याच श्रेयांकासाठी ३० तास द्यावे लागतात. इतिहासाच्या वा गणिताच्या विद्यार्थ्यास ह्या प्रमाणाशी कर्तव्य नाही. रसायनशास्त्रात मात्र त्याचा अर्थ असा होतो की, मेजाशी उभे राहून काढलेला तास हा बाकावर बसून काढलेल्या तासाच्या निम्म्या मोलाचा. ह्या प्रमाणामागे एक समजूत आहे : व्याख्यानानंतर विद्यार्थी घरी अभ्यास करतो, प्रयोगानंतर करीत नाही. तीन घटकांचे सेंद्रिय मिश्रण वेगळे करून प्रत्येकाचा द्रवणांक ज्याने एकदा तरी पडताळला आहे, त्याला ही समजूत मान्य होणे कठीण. पदार्थ अशुद्ध निघाला, द्रवणांक चार अंशांनी खाली आला, म्हणजे विद्यार्थ्याचा खरा अभ्यास त्या संध्याकाळी सुरू होतो : चूक पृथक्करणात झाली, पुनःस्फटिकीकरणात झाली की वाळविण्यात झाली?

संशोधनप्रकल्पालाही प्रयोगाचाच हिशेब लावला तर १० श्रेयांकांचे ३०० तास होतात. आठवड्याला ४० तास धरले तर हे साडेसात आठवड्यांचे काम झाले. त्यात विषयाची निवड, पूर्वीच्या लेखांचे वाचन, रसायने मागविणे आणि शेवटी अहवाल लिहिणे हे सर्व बसवावयाचे. ऑक्सफर्ड येथील रसायनशास्त्राच्या चार वर्षांच्या अभ्यासक्रमात शेवटचे संपूर्ण वर्ष, म्हणजे सुमारे ३८ आठवडे, एकाच संशोधनकार्यास दिले जाते. ही प्रथा १९१६ पासूनची आहे, आणि डोरोथी हॉजकिन ह्यांनी क्ष-किरणांच्या साह्याने स्फटिकरचना शोधण्याचे काम अशाच वर्षी प्रथम हाती घेतले. दोन देशांच्या साधनसामग्रीची तुलना येथे अभिप्रेत नाही. वेळेचा प्रश्न साधनांच्या प्रश्नाहून वेगळा आहे : ३०० तासांत फसलेली अभिक्रिया पुन्हा करून पाहण्यास जागाच उरत नाही. म्हणून शहाणा विद्यार्थी न फसणारा प्रकल्प निवडतो, आणि न फसणारा प्रकल्प बहुधा कोणीतरी आधी केलेला असतो.

केवळ संशोधनावर पदवी देण्याची जुनी पद्धत निर्दोष होती असे मात्र कोणी समजू नये. कमला सोहोनी (पूर्वाश्रमीच्या भागवत) १९३३ साली मुंबई विद्यापीठाच्या बी. एस्सी. होऊन बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेल्या, तेव्हा संचालक सी. व्ही. रामन ह्यांनी स्त्री म्हणून त्यांना प्रवेश नाकारला. त्यांनी आग्रह धरल्यावर, पहिले वर्ष परीक्षाधीन राहावे लागेल ह्या अटीवर प्रवेश मिळाला. दूध व डाळी ह्यांतील प्रथिनांवर काम करून १९३६ साली त्या एम. एस्सी. झाल्या आणि पुढे केंब्रिजची डॉक्टरेट मिळवून आल्या. त्यांच्या पदवीच्या अटींपैकी सर्वांत कठीण अट कोणत्याही नियमावलीत छापलेली नव्हती. आजची श्रेयांकपद्धती रूक्ष आहे, पण ती सर्वांना सारखी रूक्ष आहे. संचालकाच्या वा मार्गदर्शकाच्या मर्जीवर ती पदवी टांगून ठेवीत नाही. हा तिचा गुण लहान नव्हे, आणि जुन्या काळाचे गोडवे गाणाऱ्यांनी तो विसरू नये.

आता राहिला अहवालाचा प्रश्न. प्रकल्पाचा अहवाल इंग्रजीत लिहावयाचा, हे इतके गृहीत धरलेले आहे की त्याची चर्चाही होत नाही. इंग्रजी हे आंतरराष्ट्रीय रसायनशास्त्राचे माध्यम आहे आणि विद्यार्थ्याला ते आलेच पाहिजे. परंतु ज्याची इंग्रजी बेताची, तो विद्यार्थी ह्या अहवालातून भाषा शिकत नाही. तो साचे शिकतो. 'असे आढळून आले', 'असे निरीक्षण करण्यात आले' ह्यांची इंग्रजी रूपे तो जुन्या अहवालांतून उचलतो. ह्या कर्मणी रचनांत कर्ता नाहीसा होतो, आणि कर्त्याबरोबर त्याने काय केले हेही नाहीसे होते. तोच विद्यार्थी मेजाशी उभा राहून मित्राला सांगतो : 'साका बसलाच नाही रे, नुसते गढूळ झाले, निथळायला गेलो तर सगळेच खाली आले.' ह्या वाक्यात निरीक्षण आहे, क्रम आहे, चुकीची कबुली आहे. अहवालात त्याचे 'अपेक्षित अवक्षेप प्राप्त झाला नाही' एवढेच उरते.

मराठीत ह्या कामासाठी शब्द नाहीत, ही सबब टिकणारी नाही. एकोणिसाव्या शतकात कोल्हापुरास बाळाजी प्रभाकर मोडक ह्यांनी रसायनशास्त्रावर मराठीत ग्रंथ लिहिले; पुढे भाषा संचालनालयाचा परिभाषा कोश आला. कोशातील काही संज्ञा ओढूनताणून आणलेल्या आहेत हे खरे, आणि 'ऑक्सिजन' असे लिहिल्याने मराठीचे काही बिघडत नाही. पण नामांच्या वादात क्रियापदांकडे कोणाचे लक्ष गेले नाही. विरघळणे, आटणे, निवळणे, निथळणे, गाळणे, खदखदणे, करपणे, साखळणे ही क्रियापदे स्वयंपाकघरातून व गुऱ्हाळातून आलेली आहेत, आणि पदार्थात डोळ्यांदेखत घडणाऱ्या बदलांत ती बारीक भेद करतात. निवळणे व निथळणे ह्यांतला फरक मराठी विद्यार्थ्याला शिकवावा लागत नाही.

तेव्हा पदवीच्या अटींत एका लहानशा कलमाची भर घालता येईल. प्रकल्पाच्या इंग्रजी अहवालाबरोबर विद्यार्थ्याने न जमलेल्या एका प्रयोगाचा चार-पाच पानांचा वृत्तान्त, कर्तरी वाक्यांत, आपल्या भाषेत लिहून द्यावा, आणि तोंडी परीक्षेतील निम्मे प्रश्न त्यावर विचारले जावेत. ह्यास नवे यंत्र लागत नाही, जादा श्रेयांक लागत नाहीत. लागतो तो मराठी वाचू शकणारा आणि फसलेल्या प्रयोगास गुण देण्यास न कचरणारा परीक्षक. ज्या केंद्रांवर बाहेरचा परीक्षक अमराठी असतो तेथे अंतर्गत परीक्षकाकडे हे काम सोपविता येईल. प्रकल्पाचे तास वाढविण्याचा प्रश्न ह्याने सुटत नाही. तो अभ्यासमंडळांपुढे स्वतंत्रपणे न्यावा लागेल, आणि प्रयोगाच्या तासाचे मोल निम्मे का, ह्याचे उत्तर तेथे रसायनशास्त्राच्या अध्यापकांनीच मागितले पाहिजे.