दुसरा डाव : ‘चंदू चॅम्पियन’च्या निमित्ताने

‘चंदू चॅम्पियन’ हा हिंदी चित्रपट मी दोनदा पाहिला. पहिल्यांदा पाहिला तो जून २०२४ मध्ये तो प्रदर्शित झाला तेव्हा, आणि डोळे पुसत चित्रपटगृहाबाहेर पडलो. दुसऱ्यांदा घरी बसून पाहिला, आणि त्याच्याशी भांडावेसे वाटले. चित्रपट तोच, पाहणाराही तोच. मधल्या काळात एका मुलाने मला एक प्रश्न विचारला होता. हा लेख त्या प्रश्नापोटी लिहिला जात आहे.

माझा पूर्वग्रह आरंभीच सांगून टाकावा, म्हणजे वाचकांची फसगत व्हावयाची नाही. मी चित्रपटांचा अभ्यासक नव्हे. दहावीपुढे माझे शिक्षण गेले नाही. तेवढ्या शिदोरीवर नंदुरबारातल्या एका लहानशा खाजगी शाळेत मुलांना शिकवतो आणि रात्री कादंबऱ्या लिहितो. परंतु वयाच्या सत्ताविसाव्या वर्षापर्यंत मी कबड्डी खेळत असे. चढाई हे माझे काम. एका रविवारी निदान रेषेपाशी अंग वळवले. वरचा देह वळला, पाय मात्र मातीत रुतून राहिला. गुडघ्यातून काडी मोडल्यासारखा आवाज आला, आणि माझा खेळ तेथेच संपला. तेव्हा खेळ सुटलेल्या माणसाची गोष्ट कोणी सांगू लागला, की मी अंमळ पुढे सरकून बसतो.

आता तो मुलगा. त्याचे नाव सांगत नाही. वय सोळा, अंगाने काटकुळा, पण चढाईला निघाला म्हणजे समोरची सातही माणसे दोन पावले मागे सरत. गेल्या हिवाळ्यात शहाद्याकडच्या एका मैदानावर त्याचाही गुडघा गेला. पुढे शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांनी बजावले, की चालशील, सायकल चालवशील, पण कबड्डीचे मनातून काढून टाक. मुलाने बोलणे टाकले. संध्याकाळी मैदानावरून मुलांचा आरडाओरडा ऐकू आला, की तो घराचे दार लावून घेई, असे त्याची आई सांगत होती.

आमच्या सौ.नी त्याला एके दिवशी जेवायला बोलावले. जेवणे झाल्यावर, पोराला जरा उमेद यावी म्हणून मी हा चित्रपट लावला. शेवटच्या शर्यतीला आमच्या घरात टाळ्या पडल्या. तो मात्र गप्पच होता. निघताना दारात चपला घालता घालता म्हणाला, “सर, मग मी कशात मेडल मिळवायचं?”

मला उत्तर देता आले नाही. उमेद यावी म्हणून दाखविलेल्या चित्रपटाने त्याच्या डोक्यावर एक नवे ओझे ठेवले होते. असे का झाले, हे पाहावयाचे तर आधी मूळ माणसाकडे वळले पाहिजे.

मुरलीकांत पेटकर हे आपल्या सांगली जिल्ह्यातले. सैन्यात गेले आणि तेथे मुष्टियोद्धा म्हणून नावारूपाला आले. १९६५ च्या युद्धात त्यांच्या अंगात गोळ्या घुसल्या, कमरेखालचे अंग लुळे पडले. मुष्टियुद्ध हा जितका हातांचा तितकाच पायांचा खेळ. पाय गेले तेव्हा तोही गेला. उपचाराचा भाग म्हणून त्यांना पोहावयास लावण्यात आले. १९६८ साली तेल अवीव येथे भरलेल्या पॅरालिंपिक स्पर्धेत ते टेबल टेनिस खेळले. पुढे १९७२ साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथे ५० मीटर मुक्त शैलीचे अंतर त्यांनी ३७.३३ सेकंदांत कापले आणि सुवर्णपदक मिळवले. पॅरालिंपिकमध्ये भारताला मिळालेले ते पहिले सुवर्णपदक. एवढा पराक्रम करून आलेला हा माणूस पुढे कित्येक वर्षे आपल्या विस्मरणात गेला. पद्मश्री मिळाली ती २०१८ साली; आणि अर्जुन पुरस्कार मिळाला तो जानेवारी २०२५ मध्ये, म्हणजे चित्रपट येऊन गेल्यावर.

दिग्दर्शक कबीर खान यांनी ही कथा रचली आहे ती मोठ्या कौशल्याने. म्हातारा झालेला नायक पोलीस ठाण्यात येतो आणि अर्जुन पुरस्कार दिला नाही म्हणून थेट राष्ट्रपतींविरुद्ध तक्रार नोंदवू पाहतो. ठाण्यातली मंडळी आधी हसतात, मग ऐकू लागतात, आणि त्या ऐकण्यातून कथा उलगडत जाते. बालपणी तो पाहतो, की १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कुस्तीचे कांस्यपदक मिळवून खाशाबा जाधव परत आले आहेत आणि लोक त्यांचा जयजयकार करीत आहेत. आपणही असेच पदक आणावयाचे, हे तेव्हाच त्याच्या मनात बसते. कार्तिक आर्यन या नटाने भूमिकेसाठी अंग अक्षरशः घडवले आहे, आणि विजय राज यांचा प्रशिक्षक कोरड्या आवाजात असे काही बोलून जातो, की ऐन दुःखातही हसू फुटावे. कुटुंबाने एकत्र बसून पाहावा असा हा चित्रपट आहे, याबद्दल माझे दुमत नाही.

माझी तक्रार निराळी आहे. पहिल्याच प्रवेशात पदक आले, आणि त्यानंतर कथेत जे जे येते ते पदकाकडे जाणारी वाट होऊन येते. कुस्ती ही वाट, मुष्टियुद्ध ही वाट, आणि पाणी हीदेखील वाटच. एक रस्ता बंद पडला म्हणून गाडी दुसऱ्या रस्त्याला लावली, एवढाच त्या पाण्याचा अर्थ उरतो. पण खेळ सुटलेल्या माणसाला विचारा. आपले पदक हुकले, हे त्याचे खरे दुःख नसते. संध्याकाळी साडेपाचला पाय आपोआप मैदानाकडे वळत, ते आता वळवावयाचे कोणीकडे, हे ते दुःख असते. अंगाला लागलेली मातीची सवय, संघातल्या मंडळींची थट्टा, जिंकलो-हरलो तरी रात्री लागणारी गाढ झोप, हे सारे एकदम जाते. या दुःखावर पदक हे औषध नव्हे.

आणि गंमत अशी, की पेटकरांच्या खऱ्या चरित्रात याचे उत्तर दडलेले आहे. ते पाण्यात उतरले ते उपचार म्हणून. मोठ्या इतिहासाकडे पाहिले तरी हेच दिसते. ज्या पॅरालिंपिकचे आज एवढे नाव आहे, तिचा उगम इंग्लंडातील स्टोक मँडव्हिल येथल्या रुग्णालयात झाला. लुडविग गुटमान नावाचे डॉक्टर तेथे पाठीचा कणा दुखावलेल्या सैनिकांवर उपचार करीत असत. खाटेवर पडून राहणाऱ्या या तरुणांना त्यांनी खेळावयास लावले, आणि २९ जुलै १९४८ रोजी, लंडनचे ऑलिंपिक सुरू झाले त्याच दिवशी, रुग्णालयाच्या आवारात तिरंदाजीचा सामना भरवला. स्पर्धक अवघे सोळा. आरंभ असा होता : आधी माणसाला पुन्हा हातपाय हलवावेसे वाटावे, स्पर्धा आणि पदके मागाहून यावीत.

मला पाहावयाचा होता तो पेटकरांचा पाण्यातला पहिला दिवस. ज्याचे ठोसे भल्याभल्यांना लोळवीत, तो गडी नवशिक्या पोरासारखा काठाला धरून आहे, नाकातोंडात पाणी जाते आहे. आणि मग केव्हातरी ध्यानात येते, की जमिनीवर ज्या पायांचे ओझे वाटते ते पाणी उचलून धरते, आणि मुष्टियुद्धाने कमावलेले खांदे येथे कामी येतात. तो क्षण मला पदकाहून मोठा वाटतो. १९६८ चे ते टेबल टेनिसदेखील मनात घोळत राहते. माणूस एका खेळातून उठून थेट दुसऱ्या खेळाच्या शिखरावर जाऊन बसला नाही. त्याने हे करून पाहिले, ते करून पाहिले. या चाचपडण्याला प्रसिद्ध कथांमध्ये जागा मिळत नाही.

सगळ्यांनाच एवढे दूर जावे लागते असेही नाही. विजय मर्चंट यांचे उदाहरण घ्या. १९५१ साली दिल्लीच्या कसोटीत त्यांनी इंग्लंडविरुद्ध १५४ धावा काढल्या, त्याच सामन्यात क्षेत्ररक्षण करताना खांदा दुखावला, आणि ती त्यांची अखेरची कसोटी ठरली. पुढे ते नभोवाणीवरून क्रिकेटविषयी बोलू लागले, आणि त्यांचा आवाज घराघरांत पोचला. मर्चंट आपल्या खेळाच्या शेजारी जाऊन बसले, पेटकर निराळ्याच गावाला गेले. दोन्ही वाटा खऱ्या. मला पहिली मानवली नाही. दुखावलेल्या पायाने मी पंच म्हणून मैदानावर उभा राहून पाहिले; समोरची चढाई चुकली, की माझ्याच पोटऱ्या ताठ होत. तीन महिन्यांत शिट्टी परत केली.

मग काय केले? सांगावयाला संकोच वाटतो, कारण त्यात पराक्रम काहीच नाही. दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याची यात्रा भरते. घोड्यांच्या बाजारासाठी ती नावाजलेली आहे. काठी टेकीत मी तेथे गेलो, आणि भाचीसाठी एक बासरी घेऊन आलो. तिला ती वाजेना. तिने ती टाकून दिली. मी उचलली, तर मलाही वाजेना! मोठा अपमान वाटला. एका दमात ‘कबड्डी कबड्डी’ करीत पलीकडची फळी घुसळून येणारा मी, आणि वीतभर बांबूतून आवाज काढता येत नाही? मी जोर लावून फुंकू लागलो. चक्कर आली, आवाज आला नाही. आमच्या गल्लीत भजनी मंडळातले एक वृद्ध गृहस्थ राहत. ते ओट्यावरून म्हणाले, “भाऊ, बासरी वाजवतोस की चूल पेटवतोस? फुंक कमी कर.”

कमी करावयाला मला तीन आठवडे लागले. बासरीत फुंकीचा जोर वाढला, की सूर वरच्या सप्तकात उडतो. खालचा सूर हवा असेल तर हलकी, पण न तुटणारी फुंक द्यावी लागते. दम माझ्यापाशी होता, तो राखून वापरणे ठाऊक नव्हते. वरची तीन भोके झाकून पहिला ‘सा’ निघाला त्या रात्री, कित्येक महिन्यांनी, मी गुडघा विसरलो. आज इतकी वर्षे झाली, तरी मला धड एक भूप वाजवता येत नाही. भजनी मंडळ मला मागे बसवते, आणि ते योग्यच आहे. पण संध्याकाळी साडेपाचला माझे पाय कोणीकडे वळतात, हे आता मला ठाऊक आहे.

येथे सौ.चा आक्षेप नोंदवला पाहिजे. हे सारे ऐकून ती म्हणाली, “अहो, तुमच्या बासरीवर कोणी चित्रपट काढला, तर पाहायला कोण जाईल? आणि त्या पेटकरांना मेडल मिळालं नसतं, तर ते तुम्हाला तरी ठाऊक झाले असते का?” बोलणे बिनतोड आहे. पदक मिळाले म्हणून कथा आपल्यापर्यंत आली, हे खरेच. शिवाय देशासाठी गोळ्या झेललेल्या माणसाने ‘माझा मान मला द्या’ म्हणून ठाण्यात यावे, यात गैर काय आहे? त्याचा मान त्याला मिळावयासच हवा होता, आणि उशिरा का होईना, तो मिळाला याचा आनंदच आहे. माझे म्हणणे इतकेच, की कथेला पदकाची गरज असते. माणसाला तशी ती नसते. चित्रपट पाहणाऱ्या हजारांत एखादाच पेटकर असेल. उरलेल्यांना आपला दुसरा डाव वाईट खेळण्याचीसुद्धा मोकळीक हवी. ही मोकळीक या चित्रपटात मला सापडली नाही, आणि त्या मुलालाही सापडली नाही.

त्याला मी मागाहून जे उत्तर दिले ते फार शहाणपणाचे नव्हते. म्हटले, “कशातच नको मिळवूस. आधी काहीतरी वाईट करून बघ.” तो बुचकळ्यात पडला. पुढच्या रविवारी घरी आला, माझी बासरी ऐकली आणि शस्त्रक्रियेनंतर पहिल्यांदाच माझ्यासमोर खदखदून हसला. मग स्वतः हातात घेतली, दहा-पंधरा मिनिटे फुंकत राहिला, खाली ठेवली आणि म्हणाला, “हे आपलं काम नाही, सर.” मी म्हटले, “बरं.” मला आनंदच झाला. एक गोष्ट करून पाहिली आणि न कुढता सोडून दिली, एवढे त्याला जमले होते. सध्या तो मामाच्या दुकानात सायकली उघडून पुन्हा जोडीत असतो. ते टिकेल की नाही, कोणास ठाऊक. त्याच्या आईचे म्हणणे एवढेच, की संध्याकाळी दार आता उघडे असते.

वाचकहो, दिवाळीच्या सुट्टीत घरची मंडळी एकत्र जमतील, तेव्हा हा चित्रपट अवश्य पाहा. टाळ्याही वाजवा, पेटकरांचे ते देणे आपल्याकडून फार दिवस राहून गेले होते. फक्त नायक पाण्यात उतरतो तेथे घटकाभर थांबा, आणि घरात कोणाचा एखादा खेळ, एखादे गाणे, एखादा छंद मध्येच सुटलेला असेल, तर त्याच्याकडे एकवार पाहा. मात्र आता तू काय जिंकणार, असे त्याला विचारू नका.