ज्वलनउष्णतेपासून वीजनिर्मिती : ‘चाळीस टक्के’ या दाव्याची चिकित्सा

प्रस्तावना :
इंधनाच्या ज्वलनातून मिळणाऱ्या उष्णतेचे टर्बाइनशिवाय, कोणताही फिरता भाग न वापरता विजेत रूपांतर करणारे साधन म्हणून थर्मोफोटोव्होल्टाइक घटांकडे पाहिले जाते. ज्वालेने तापलेला उत्सर्जक अवरक्त किरण बाहेर टाकतो व त्याच्यासमोरील अर्धवाहक घट त्या किरणांपासून वीज तयार करतो. तत्त्व सौरघटाचेच, फक्त सूर्याच्या जागी तापलेली वस्तू असते. कर्वेनगर येथे अध्यापन करीत असताना एका विद्यार्थिनीचा प्रकल्प-प्रस्ताव प्रस्तुत लेखिकेसमोर आला. कोल्हापूरकडील घरच्या गुऱ्हाळाच्या चुलवाणावर असे घट बसवून ‘४० टक्के उष्णतेची वीज’ करण्याचा तिचा मानस होता आणि त्यासाठी घरचे लोक कर्ज काढण्याच्या विचारात होते. म्हणूनच या आकड्याची चिकित्सा आवश्यक ठरते.

दाव्याचे मूळ :
१९५६ मध्ये हेन्री कोल्म यांनी अमेरिकेतील लिंकन प्रयोगशाळेत जाळीच्या कंदिलासमोर सिलिकॉनचा घट ठेवून सुमारे १ वॅट वीज मिळविली. आपल्या वरातींतून मिरविलेल्या पेट्रोमॅक्स बत्तीचाच हा भाऊबंद. त्यानंतर २०२२ मध्ये मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी व अमेरिकेची राष्ट्रीय अक्षय ऊर्जा प्रयोगशाळा येथील संशोधकांनी ४१.१ टक्के कार्यक्षमता नोंदविली. ही कामगिरी निःसंशय मोलाची आहे. परंतु त्या प्रयोगात उत्सर्जकाचे तापमान २,४०० अंश सेल्सिअस होते आणि तो विजेने तापविलेला होता. तेथे इंधन जळत नव्हते.

दाव्याची चिकित्सा :
पहिला आक्षेप टक्केवारीच्या छेदाविषयी आहे. येथे छेदात इंधनातील एकूण ऊर्जा नसून घटाने प्रत्यक्ष शोषलेली ऊर्जा आहे. धुराड्यावाटे जाणारी व घटापर्यंत न पोहोचणारी उष्णता या हिशेबात येतच नाही. इंधनातील निम्मी ऊर्जा घटात शोषली जाते असे उदारपणे गृहीत धरले, तरी ४० टक्क्यांचे २० टक्के होतात.

दुसरा आक्षेप तापमानाचा. हा घट साधारणपणे १.०३ मायक्रोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीचेच किरण वापरू शकतो. कृष्ण पदार्थाच्या प्रारणाचा हिशेब केल्यास २,४०० अंशांना सुमारे २२ टक्के प्रारण या मर्यादेत येते. १,००० अंशांना मात्र जेमतेम अर्धा टक्का. उरलेले किरण आरशाने उत्सर्जकाकडे परत पाठविता येतात, हे खरे. प्रयोगातील यशाचे मर्मही तेच आहे. परंतु चिपाडाच्या धुरात व काजळीत तो आरसा किती दिवस स्वच्छ राहील, हा प्रश्न उरतोच.

येथे एक प्रतिवाद संभवतो. मिशिगन विद्यापीठातील संशोधकांनी २०२४ मध्ये १,४३५ अंशांना ४४ टक्के कार्यक्षमता दाखविली. त्यामुळे तापमानाचा आक्षेप काहीसा सौम्य होतो. छेदाचा आक्षेप मात्र कायम राहतो.

गुऱ्हाळाचा विचार :
गुऱ्हाळात उष्णतेचे पहिले काम काहिलीतील रस आटविण्याचे आहे. धुराड्यातून वाया जाणाऱ्या उष्णतेने रस आधीच तापविणे किंवा चिपाड अधिक वाळविणे, हे उपाय तुलनेने साधे आहेत. ज्यांना चिपाडापासून वीजच हवी आहे, त्यांच्यासाठी साखर कारखान्यांतील बाष्प टर्बाइनवर आधारित सहवीजनिर्मितीचे उदाहरण महाराष्ट्रात आहेच. मात्र ते मोठ्या प्रमाणावरच परवडते. लहान चुलवाणाची उणीव थर्मोफोटोव्होल्टाइक घट एक दिवस भरून काढतीलही. आज त्यांच्या भरवशावर कर्ज काढणे शहाणपणाचे नाही.

समारोप :
सारांश, दोष या तंत्रज्ञानात नाही, तर संदर्भ गाळून आकडा उचलण्याच्या आपल्या सवयीत आहे. प्रकल्पांना मान्यता देताना कार्यक्षमता ‘किती’ याआधी ती ‘कशाची’ व ‘कोणत्या तापमानाला’ हे विचारणे, ही मार्गदर्शक म्हणून आपली जबाबदारी आहे. उपरोक्त विद्यार्थिनीने आपला प्रस्ताव बदलला. आता ती चुलवाणातील व धुराड्यातील तापमानाच्या नोंदी घेणार आहे. घट पुढे आलेच, तर त्या वेळी सर्वप्रथम याच नोंदी लागतील.