कुठवर आली पोथी?

मंडळी, आजचा विषय तसा घरगुती आहे. आपण सध्या जे पुस्तक वाचतो आहोत, म्हणजे अजून संपलेलं नाही, उशाशी पालथं पडलेलं आहे, त्याबद्दल दुसऱ्याला काय सांगावं आणि किती सांगावं? समीक्षेच्या ग्रंथांत या प्रश्नाला जागा नाही. तिथे समीक्षक पुस्तक संपवूनच बोलायला उभा राहतो. निदान आपण तसं गृहीत धरतो. (हशा)

आपल्याकडे चातुर्मासात पोथी लागायची. 'हरिविजय', 'पांडवप्रताप', 'भक्तिविजय'. एक जण वाचणार, बाकीचे ऐकणार. एखादी बाई दोन दिवस आली नाही तर तिसऱ्या दिवशी काय विचारायची? पोथी कशी आहे, असं नाही विचारायची. "कुठवर आली वं पोथी?" आणि उत्तर यायचं, "काल कंस मेला, तू नव्हती." मग त्या कंसावर, देवकीवर बोलणं सुरू व्हायचं. शेवट सगळ्यांना ठाऊक, त्यामुळे गुपित फुटायची भीती नाही. पण आधी ठिकाण, मग मत, हा क्रम पक्का होता.

आज पुस्तकांच्या बोलण्यातून तो पहिला प्रश्नच गेला. माणूस भेटतो, म्हणतो, "सर, अप्रतिम पुस्तक, वाचायलाच पाहिजे." मी विचारतो, कुठवर आलात? तो जरा चाचरतो. चाळिसाव्या पानावर असतो.

आता चाळीस पानांवरचं मत टाकाऊ आहे, असं मी म्हणत नाही. नैयायिकांनी शब्दाला प्रमाण मानलं. शब्द म्हणजे आप्ताचं सांगणं. आप्त कोण? वात्स्यायनाने न्यायसूत्रांवरच्या भाष्यात सांगितलंय, ज्याने ती गोष्ट स्वतः जाणली आहे आणि जशी जाणली तशीच सांगायची ज्याची इच्छा आहे, तो. आणि हे लक्षण ऋषी, आर्य, म्लेच्छ सगळ्यांना सारखंच लागू, असंही तो पुढे म्हणतो. बघा, पीएच.डी.ची अट नाही त्यात. तेव्हा चाळीस पानं वाचलेला माणूस चाळीस पानांपुरता आप्त आहेच. एकेचाळिसाव्या पानाबद्दल तो बोलू लागला की आप्त राहत नाही. एवढं साधं आहे हे, आणि तरी आपण सगळे तिथेच घसरतो.

'कोसला' घ्या. १९६३ची कादंबरी, नेमाडे तेव्हा पंचविशीत होते. सांगवी काही आपल्यापासून फार लांब नाही. पहिल्यांदा वाचणारा मुलगा पांडुरंग सांगवीकराचं पुण्यातलं वसतिगृह, मेस, स्नेहसंमेलन वाचतो आणि पोट धरून हसतो. मित्राला सांगतो, "भन्नाट विनोदी आहे, घेच." मग पुढे मनी येते. पांडुरंगची धाकटी बहीण देवीने जाते आणि पुस्तकाचा सगळा रंग पालटतो. मागचे विनोदसुद्धा मग वेगळे ऐकू येतात. तर त्या मुलाचं आधीचं मत चूक होतं का? मला तसं वाटत नाही. तो बरोबर वाचत होता. ते हसणं पुस्तकानेच त्याच्याकडून काढून घेतलं होतं. उलट मी, ज्याने 'कोसला' चारदा वाचली, ते हसणं गमावून बसलोय. मला मनी माहीत आहे. मी परीक्षण लिहिलं तर पहिल्या पानापासून मृत्यूबोध वगैरे लिहीन. हा संपवलेल्या वाचकाचा दोष आहे आणि आपली बरीचशी समीक्षा तो दोष गुण म्हणून मिरवते.

एक काळ असा होता की संपवलेला वाचक असूच शकत नव्हता. हरिभाऊ आपट्यांनी 'करमणूक' १८९०मध्ये काढलं आणि 'पण लक्षांत कोण घेतो?' त्यात हप्त्याहप्त्याने आलं. तुम्ही कितीही हुशार असा, यमू पुढे विधवा होणार, तिचं केशवपन जबरीने होणार, हे तुम्हाला हप्त्याच्या पुढे जाऊन कळणार नव्हतं. तेव्हाच्या वाचकाला यमूबद्दल बोलायचं तर शेजारच्या सुनेबद्दल बोलावं तसंच बोलावं लागणार, आजवर काय झालं तेवढ्यावर. आपण बांधीव प्रत हातात घेऊन 'सामाजिक कादंबरी' म्हणतो आणि मोकळे होतो.

इथवर मताची गोष्ट झाली. शिफारस हे प्रकरण निराळं. "मला आवडतंय" म्हणताना मी माझ्याबद्दल बोलतो. "तू वाच" म्हणताना मी दुसऱ्याच्या रात्री मागून घेतो.

माझ्याच हातून झालेली गोष्ट सांगतो. माझा एक जुना विद्यार्थी, शेतकऱ्याचा मुलगा. त्याच्या वडिलांनी पऱ्हाटीवर फवारायचं औषध घेतलं होतं. आपल्या जिल्ह्यात अशी घरं किती आहेत, ते तुम्हाला मी सांगायला नको. तीनेक वर्षांनी तो भेटायला आला. मी तेव्हा एक कादंबरी वाचत होतो, निम्मी झाली होती. बैलांचं, मातीचं, बोलीचं इतकं सुंदर वर्णन होतं की मी भारावलो होतो. मी दुसरी प्रत मागवून त्याच्या हातात दिली. म्हटलं, "हे तुझ्यासाठीच लिहिलंय. वाचच." नाव सांगत नाही, दोष पुस्तकाचा नाही.

तीन आठवड्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळून त्याने ते परत आणलं. "सर, तुमचं पूर्ण वाचून झालं होतं?" मी नाही म्हणालो. "मला वाटलंच." चहा घेतला आणि गेला. माझी प्रत मध्येच बाजूला पडली होती. त्या रात्री उरलेलं वाचून काढलं. शेवटच्या भागात बाप औषध घेतो. डबा, वास, दवाखान्यातली रात्र, सगळं तपशीलवार. माझ्या विद्यार्थ्याच्या घरात जसं झालं, जवळजवळ तसंच.

नंतर कधीतरी तो म्हणाला, "पुस्तक खरं आहे सर. पण तुम्ही निम्म्यावर आहात, एवढं सांगायला पाहिजे होतं. मग मी माझं ठरवलं असतं." मी त्याला अर्ध्या वाचनाचं मत दिलं, ही माझी चूक नव्हती. मी ते पूर्ण वाचनाच्या आवाजात दिलं. आणि प्राध्यापकाचा आवाज विद्यार्थ्याला किती पूर्ण वाटतो, हे मला तीस वर्षं शिकवूनही उमगलं नव्हतं.

वाचनालयातल्या जुन्या पुस्तकांत पेन्सिलीच्या खुणा असतात. नियमात बसत नाही ते, पण मला त्या आवडतात. परवा एका चरित्रात पान ७४पर्यंत जवळजवळ प्रत्येक पानावर रेघ होती, समासात "वा!" होतं. ७५पासून पानं कोरी. कंटाळला, की बदली झाली, की आजारी पडला, कळायला मार्ग नाही. पण ७४पर्यंत तो माझ्याशी खरं बोलला.

मी सध्या रा. भा. पाटणकरांची 'सौंदर्यमीमांसा' तिसऱ्यांदा वाचतोय. १९७४चा ग्रंथ. कान्टच्या भागात आहे. पाटणकर कान्टला फार सवलत देतात, असं मला या वेळी वाटतंय. मागच्या दोन वेळा वाटलं नव्हतं. पुढे जाऊन बदलेलही. आता तुम्ही बोला. पुस्तकाचं नाव सांगा आणि कुठवर आलात तेही सांगा.