फेड कट : पुसलेली रेषा आणि उरलेली रेषा

या मालेत आपण सौंदर्याविषयी बोलतो आहोत. अंबरनाथच्या शिवमंदिरावर, म्हणजे शके ९८२ चा शिलालेख असलेल्या त्या देवळावर, आपण तासभर बोललो तर कोणाला नवल वाटत नाही. पण त्याच अंबरनाथच्या एखाद्या सलूनमधल्या हजामतीवर बोलू म्हटलं की लोक हसतात. हसावं, हरकत नाही. मात्र रविवारी सकाळी उल्हासनगरपासून बदलापूरपर्यंत तरुण मुलं ज्या रूपासाठी बाकावर नंबर लावून बसतात, त्याचा विचारच करायचा नाही, हे काही बरं नव्हे.

आधी वस्तू नीट बघू. फेड म्हणजे नुसते बारीक केस नव्हेत. मानेशी आणि कानाभोवती जवळजवळ कातडी, वर दाट केस, आणि या दोहोंमध्ये जोड कुठे आहे ते कळता कामा नये. कारागीर खाली झिरो मशीन मारतो, वर १ नंबर, म्हणजे साधारण ३ मिलिमीटर, त्याच्या वर २ नंबर, साधारण ६ मिलिमीटर. प्रत्येक टप्प्यावर एक रेषा पडते. ती रेषा तो मुद्दाम पाडतो, आणि मग मशीनची कळ थोडी थोडी सरकवत, कंगवा धरून, ती पुसत जातो. आधी रेषा पाडायची, मग ती नाहीशी करायची! सगळं कौशल्य तिथे आहे. वर केस लांब असले तर हात थोडा चुकलेला खपतो. फेडमध्ये चूक लगेच डाग होऊन दिसते.

इथे तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याला युबुलिडीस आठवल्याशिवाय राहत नाही. इ.स.पू. चौथ्या शतकातला हा ग्रीक विचारवंत. त्याच्या नावावर टकलाचा एक पेच आहे. दाट केसांच्या माणसाचा एक केस उपटला तर तो टकला होतो का? नाही. आणखी एक? तरीही नाही. मग नेमक्या कितव्या केसाला तो टकला झाला? तर्कशास्त्र अजून या पेचाशी झगडतं आहे. फेड करणारा कारागीर मात्र तो सोडवायला जातच नाही, तो त्याची नक्षी करतो. इथे केस संपले आणि इथे कातडी सुरू झाली, असं बोट ठेवून दाखवता येऊ नये, हीच त्याची प्रतिज्ञा.

आता इतिहास. बाजू बारीक आणि माथ्यावर थोडे केस, ही ठेवण १९४०-५० च्या दशकांत अमेरिकन सैन्यात रुळली. कारण साधं: शिस्त आणि स्वच्छता. विजेवर चालणाऱ्या हातातल्या मशीनचं पेटंट लिओ वॉल यांना १९२१ मध्ये मिळालं होतं, त्यामुळे असं काम झटपट होऊ लागलं होतं. पण त्या ठेवणीची कला केली ती कृष्णवर्णीयांच्या सलूनांनी. १९८० च्या दशकात हिप-हॉपबरोबर उंच माथ्याचा फेड आला. ग्रेस जोन्स, बिग डॅडी केन यांची डोकी आठवा. सगळ्यांना एकसारखं करणारी शिपायाची हजामत, तिच्यातून या लोकांनी स्वतःची ओळख घडवली. पुढे फुटबॉलपटू, क्रिकेटपटू आणि मोबाइल यांच्यामार्फत ती आपल्याकडे पोहोचली.

आपल्या भागाला हे परकं वाटू नये. उल्हासनगर म्हणजे मुळात दुसऱ्या महायुद्धातली लष्करी छावणी. फाळणीनंतर सिंधी निर्वासित तिथल्या बराकींमध्ये राहायला आले, १९४९ मध्ये वसाहतीला नाव मिळालं, आणि पत्त्यात 'कॅम्प' हा शब्द आजही आहे. सैन्यासाठी बांधलेल्या भिंतींत लोकांनी दुकानं थाटली, लग्नं लावली. वस्तू कोणी आणि कशासाठी घडवली एवढ्यावर तिचा अर्थ संपत नाही, हे या गावाला पुस्तकातून शिकावं लागलेलं नाही.

म्हणून 'ही पाश्चात्त्यांची नक्कल' हा आक्षेप आपल्याला फारसा मान्य होत नाही. मधोमध भांगाचा 'तेरे नाम' कट २००३ नंतर गल्लोगल्ली दिसायचा, ती नक्कल नव्हती का? दुसरा आक्षेप, 'सगळी डोकी सारखीच'. यात तथ्य आहे. पण जवळून बघा: चांगला कारागीर कवटीचा आकार, भोवरा, मानेवरची केसांची दिशा बघून फेड खाली ठेवायचा की वर चढवायचा ते ठरवतो. सारखेपणा मोबाइलवर दाखवलेल्या फोटोत असतो, हातात नसतो.

आपली खरी तक्रार वेगळी आहे. रेषा पुसणं आणि रेषा झाकणं यांत फरक आहे. फेड दोन-तीन आठवड्यांत वाढतो आणि ती सफाई विरते. आपल्या समाजातही केसांभोवती रेषा होत्या. डॉ. आंबेडकरांनी लिहून ठेवलं आहे की साताऱ्यात त्यांचे केस थोरली बहीण कापत असे, कारण अस्पृश्याचे केस कापायला एकही न्हावी तयार नव्हता. आणि दुसरी बाजूही बघा. १८९० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतल्या न्हाव्यांनी विधवांचं केशवपन करणार नाही असा पवित्रा घेतला. एकीकडे जातिव्यवस्थेने वस्तऱ्याला घातलेली बंदी, दुसरीकडे वस्तरा धरणाऱ्याने स्वतःच्या विवेकाने दिलेला नकार. हजामत कधीच नुसती केसांची नव्हती.

आज खुर्चीत कोणीही बसतं, ही फार मोठी गोष्ट आहे. ती लहान मानू नये. पण खुर्चीमागे कोण उभा आहे? बहुधा नाभिक समाजातला, नाहीतर उत्तर प्रदेश-बिहारमधून आलेला कारागीर. दिवसभर उभं राहून तो काम करतो. कट झाला की मुलगा सेल्फी काढतो, चारशे जणांना दाखवतो, आणि ज्या हाताने ती रेषा पुसली तो हात चौकटीबाहेर राहतो. संत सेना महाराजांनी न्हाव्याचा आरसा आणि चिमटा अभंगात आणून त्यांना परमार्थाची साधनं केलं. आपण निदान त्या कारागिराला 'ए छोटू' म्हणायचं सोडू शकतो, बरं का.

तेव्हा निकाल द्यायचा तर असा: फेड हा चांगला कट आहे, कारण तो हाताची परीक्षा घेतो आणि लपवाछपवीला वाव देत नाही. शाळेत या कटासाठी मुलाला वर्गाबाहेर उभं करणाऱ्या आम्हा शिक्षकांनी एकदा त्या मानेकडे नीट बघावं. आणि कट मिरवणाऱ्या मुलाने पुढच्या फोटोखाली कारागिराचं नाव लिहावं.