दृश्यफितींचा संग्रह आणि वाद्यवृंदाची पारख

ठाण्याहून कशेळीचा पूल ओलांडून भिवंडीकडे निघाले, की काल्हेर लागते. या परिसराची आजची ओळख गोदामांची आहे. गोदामात माल नुसता रचून भागत नाही. तो कोठून व केव्हा आला याची नोंद नसेल, तर असलेला मालही हाती लागत नाही. साठा आणि संग्रह यांतील हा भेद संगीताच्या दृश्यफितींनाही लागू पडतो. शेजारच्या मुंबईतील रॉक संगीताच्या बाबतीत तो विशेष जाणवतो.

रॉक वाद्यवृंदाच्या दृश्यफिती मुख्यतः दोन प्रकारच्या असतात. गीताच्या चित्रफितीत ध्वनी आधीच सिद्ध झालेला असतो. वादक त्याबरहुकूम अभिनय करतात आणि निरनिराळ्या वेळी टिपलेली दृश्ये ठेक्याला धरून जोडली जातात. रंगमंचावरील प्रयोगाच्या फितीत ध्वनी व दृश्य बहुधा एकाच क्षणाचे असतात. चुकलेला सूर आणि श्रोत्यांची दाद दोन्ही तीत उरतात. पहिलीवरून वाद्यवृंदाची आकांक्षा कळते, दुसरीवरून त्याचे सामर्थ्य.

या दोहोंना एकत्र आणणाऱ्या संग्रहाचे मोल निर्वाणा या अमेरिकन वाद्यवृंदाच्या १९९४ मधील ‘लाइव्ह! टुनाइट! सोल्ड आउट!!’ या संग्रहात दिसते. त्याचे काम कर्ट कोबेन याने हाती घेतले होते. त्याच्या मृत्यूनंतर सहकाऱ्यांनी ते पुरे केले. त्यात १९९१ च्या एका ब्रिटिश दूरचित्रवाणी कार्यक्रमाचे दृश्य आहे. वाद्यांचा ध्वनी आधी मुद्रित केलेला, गायन मात्र प्रत्यक्ष, अशी तेथील अट होती. कोबेनने मुद्दाम खालच्या सुरात गाऊन आणि गिटार वाजविण्याचे केवळ सोंग करून त्या अटीचेच विडंबन केले. सुटे पाहिल्यास हे दृश्य थट्टेचे वाटते; खऱ्या प्रयोगांच्या शेजारी ठेवल्यावर ती टीका ठरते. अर्थ येथे क्रमातून निष्पन्न होतो.

मुंबईचा ‘रॉक मशीन’ हा वाद्यवृंद १९८४ मध्ये स्थापन झाला व १९९३ मध्ये त्याने ‘इंडस क्रीड’ हे नाव घेतले. त्याच वर्षी ‘प्रिटी चाइल्ड’ या गीताच्या चित्रफितीला एमटीव्हीचा आशियाई प्रेक्षकपसंतीचा पुरस्कार मिळाला. या चित्रफितीचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. १९९१ नंतर आलेल्या उपग्रह वाहिन्यांमुळेच हे संगीत मुंबईबाहेरच्या घरांत पोचले. तथापि १९९७ मध्ये विसर्जित होऊन २०१० मध्ये पुन्हा उभ्या राहिलेल्या आणि २०१२ मध्ये ‘इव्हॉल्व्ह’ ही ध्वनिमुद्रिका देणाऱ्या या वाद्यवृंदाची वाटचाल एका पुरस्कृत फितीवरून उमगणार नाही. जिची घडण रंगमंचावर झाली, त्या कलेची साक्ष रंगमंचाच्याच फितींत शोधावी लागते.

हा प्रश्न केवळ स्मरणरंजनाचा नव्हे. ‘इंडिपेंडन्स रॉक’ हा महोत्सव १९८६ पासून ज्या धोबी तलावच्या रंगभवनात गाजला, तेथील असे कार्यक्रम पुढे शांतता-क्षेत्राच्या नियमामुळे बंद पडले. रंगमंचच उरला नाही, की फीत हाच प्रयोगाचा एकमेव पुरावा ठरतो. अशा फितींचा ध्वनी सदोष असतो, हा आक्षेप खरा आहे. परंतु सदोष साक्ष ही साक्षीच्या अभावाहून मोलाची असते. तिच्यावर स्थळ, तिथी व वादकांची नोंद असली पाहिजे. अन्यथा उद्याचा समीक्षक जाहिरातीलाच इतिहास समजेल.