निजलेल्या म्हातारीला घास

'तुंबाड' चित्रपटाच्या पहिल्या प्रकरणात भय घरात शिरतं ते एका साध्या निरोपाच्या रूपाने. १९१८ सालचं कोकण, कोसळता पाऊस, आतल्या खोलीत साखळदंडांनी जखडलेली एक म्हातारी. धाकटा भाऊ झाडावरून पडतो, आई त्याला घेऊन लगबगीने बाहेर पडते आणि जाताजाता थोरल्या विनायकला बजावते, की म्हातारीला जेवू घालायचं. आपल्या घराघरांत मुलांना सांगितलं जाणारं हे रोजचं काम. पण या एका कामात कर्तव्य, किळस, कुतूहल आणि जिवाची भीती इतकी एकवटली आहे, की ताटातला घास उचलताना त्या मुलाचा हात थरथरतो आणि आपला श्वास अडकतो.

या प्रसंगात आपण जरा कान देऊन थांबावं. म्हातारी दिसण्याआधी तिचं घोरणं ऐकू येतं, जड, ओलं, भिंतींतून झिरपणारं. एरवी घोरणं म्हणजे घरात माणूस सुखरूप निजल्याची खूण; इथे मात्र ते चालू आहे तोवरच पोराचा जीव सुरक्षित, म्हणून आपण त्या भेसूर आवाजाला चक्क घट्ट धरून बसतो आणि तो क्षणभर अडखळला तरी दचकतो. ध्वनीकडून एवढं नाजूक काम करून घेणाऱ्या या चित्रपटाला ध्वनिसंयोजनाचं फिल्मफेअर मिळालं, ते ऐकणाऱ्या कानांनी दिलेली दादच होती.

या म्हातारीची कुळकथाही तितकीच रसाळ आहे. स्टीफन किंगने १९८४ साली 'ग्रामा' ही कथा प्रसिद्ध केली. तिथेही थोरल्या भावाचा पाय दुखावतो, आई इस्पितळाकडे धावते आणि जॉर्ज नावाचा मुलगा अंथरुणाला खिळलेल्या आजीपाशी एकटा उरतो. ती जागी झालीच तर तिला चहा द्यायचा, एवढंच त्याचं काम. फेब्रुवारी १९८६ मध्ये हीच कथा अमेरिकेच्या सीबीएस वाहिनीवर, 'द ट्वायलाइट झोन' या सुट्या कथांच्या मालिकेच्या नव्या अवताराच्या पहिल्या पर्वात आली. पटकथा हार्लन एलिसनची होती आणि तो मुलगा होता बॅरेट ऑलिव्हर. आपल्याकडे नारायण धारपांनी किंगच्या या कथेला 'आजी' करून मराठी घरात आणलं. धारपांच्या भयकथांवर पोसलेल्या वाचकाला त्यांची हातोटी ठाऊक असते: परक्या मुलखातलं भय ते असं रुजवतात, की ते आपल्याच माजघरात जन्मलं असावं असं वाटू लागतं.

पुढचा धागा तर थेट विदर्भातून जातो. 'तुंबाड'चे दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांनी धारपांची कथा मित्राच्या तोंडून ऐकली ती १९९३ साली, नागझिऱ्याच्या अभयारण्यात. टिपेश्वरचं सागवन जवळून पाहिलेल्या आपल्या यवतमाळकरांना हे वेगळं समजवायला नको. रानातल्या रात्री गोष्ट सांगणारा आवाज खाली आला, की ऐकणाऱ्याची पाठ आपोआप ताठ होते, आणि अशा रात्री ऐकलेली गोष्ट जन्मभर सोबत करते. नागझिऱ्यात ऐकलेलं ते भय पडद्यावर यायला २०१८ साल उजाडलं. खराखुरा पाऊस टिपण्यासाठी चित्रीकरण कित्येक पावसाळे चाललं, सासवडचा पुरंदरे वाडा त्यात चिंब भिजला. आपल्या काळ्या मातीत पावसाची वाट पाहावी लागते, पाऊस म्हणजे आशा. चित्रपटात तोच पाऊस शापासारखा संततधार कोसळतो, आणि पंकज कुमार यांचा कॅमेरा त्या करड्या ओलाव्यात सोन्याची एकच मुद्रा अशी चमकवतो, की हाव म्हणजे काय हे डोळ्यांना कळतं.

मग विनायक मोठा होऊन वाड्यात दडलेल्या खजिन्याच्या शोधात परततो. म्हातारीच्या देहातून झाड उगवलेलं असतं, आणि तिचं काळीज अजून धडधडत असतं. लहानपणी जिला घास भरवायला तो भ्यायला, तिच्याकडूनच आता त्याला खजिन्याचं गुपित हवं असतं आणि तिला त्याच्याकडून हवी असते मुक्ती. भय तेच, भुकेची जागा मात्र बदलली: म्हातारीची भूक आता नातवंडांच्या वयाच्या या माणसात उतरली आहे. पहिल्या प्रकरणातला तो घास इथे आपला पूर्ण अर्थ उघडतो.

व्हेनिस चित्रपट महोत्सवातल्या समीक्षक सप्ताहाचं उद्घाटन करणारा हा पहिला भारतीय चित्रपट. तरी ऑक्टोबर २०१८ मध्ये तिकीटखिडकीवरचा प्रतिसाद बेताचाच होता. पुढे एकमेकांना सांगत, घरच्या पडद्यावर पुन्हा पुन्हा पाहत त्याचा रसिकवर्ग वाढत गेला आणि सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा प्रदर्शित झाल्यावर त्याने पहिल्या वेळेपेक्षा अधिक कमाई केली. हे कौतुक उशिरा आलं, पण ते भयकथेच्या जातीला शोभणाऱ्या वाटेने आलं: तोंडोतोंडी. नागझिऱ्यात एका मित्राने दुसऱ्याला जे दिलं, तेच प्रेक्षकांनी एकमेकांना दिलं. म्हणून किंगची कथा, धारपांची 'आजी' आणि 'तुंबाड' आपण एकापाठोपाठ एक अनुभवावेत. एकच भय तीन घरांत कसं वेगवेगळं नांदतं हे पाहण्यातला आनंद एकेका कृतीच्या आनंदाहून मोठा आहे, आणि तो दुसऱ्याला सांगितल्याशिवाय राहवत नाही.