नाही म्हणायला स्वतःची खोली लागते

माझी एक मैत्रीण टेक्सासमधल्या एका सरकारी विद्यापीठात पीएचडी करते आणि पोरांना शिकवते. आम्ही परळच्या एकाच चाळीत वाढलो. मध्यंतरी तिचा फोन आला. एका विद्यार्थ्याला तिनं कमी मार्क दिले होते आणि तो भेटायला येणार होता. ती म्हणाली, "अरे, त्याच्या बॅगेत पिस्तूल आहे का, हे मी त्याला विचारूही शकत नाही. आपल्याकडे कॉलेजात नेता येतं का रे?"

मी हसलो. रात्री मात्र शस्त्र परवान्याच्या अटी वाचत बसलो. माझं पोट दुसऱ्यांनी लिहिलेल्या अटींचं कोडमध्ये भाषांतर करण्यावर चालतं, त्यामुळे असलं काही वाचायचा मला कंटाळा येत नाही. त्यात एक वाक्य सापडलं. त्याचा मथितार्थ असा: खास परवानगी नसेल तर परवानाधारकानं हत्यार जत्रेत, धार्मिक मिरवणुकीत, सार्वजनिक मेळाव्यात किंवा शैक्षणिक संस्थेच्या आवारात नेऊ नये.

समीक्षा पुस्तकांचीच करावी असा काही नियम नाही. मला हे वाक्य चांगलं लेखन वाटतं. त्यातली यादी बघा. लालबागच्या माणसाला ती समजावून सांगावी लागत नाही. विसर्जनाच्या दिवशी आपण अनोळखी माणसाच्या खांद्याला खांदा लावून तासन् तास उभे राहतो. त्याच्या खिशात काय आहे हा विचार मनात आला, तर मिरवणूक तिथंच संपली. हे वाक्य कॉलेजला त्याच रांगेत बसवतं. वर्ग म्हणजे बेसावध राहण्याची जागा, असं ते न बोलता सांगतं. आणि संस्था कुणाची, सरकारी की खाजगी, हे ते विचारतच नाही.

टेक्सासचा कायदा नेमकं तेच विचारतो. 1 ऑगस्ट 1966 रोजी ऑस्टिनच्या विद्यापीठातल्या मनोऱ्यावरून एका विद्यार्थ्यानं गोळीबार केला. त्याला बरोबर 50 वर्षं झाली त्या दिवशी, 1 ऑगस्ट 2016 ला, 'कॅम्पस कॅरी' कायदा तिथं लागू झाला. परवाना असलेल्या माणसाला झाकलेलं पिस्तूल घेऊन सरकारी विद्यापीठात जाता येतं. विद्यापीठ काही जागा वगळू शकतं, पण सरसकट बंदी घालू शकत नाही. खाजगी विद्यापीठांना मात्र नकार द्यायची मुभा आहे, आणि जवळजवळ सगळ्यांनी तो दिला. ऑस्टिनच्या नियमांत याचंच छोटं रूप दिसतं. स्वतंत्र ऑफिस असलेला प्राध्यापक 'इथं नको' म्हणू शकतो, पण ते त्यानं येणाऱ्याला तोंडी सांगायला हवं. माझ्या मैत्रिणीला स्वतंत्र ऑफिस नाही. एका खोलीत चौघं बसतात.

म्हणजे नाही म्हणायला स्वतःची खोली लागते. हे वाचलं आणि मला जयंत पवारांचं 'अधांतर' आठवलं. 1997 चं नाटक. 18 जानेवारी 1982 ला सुरू झालेल्या संपानंतरचं गिरणगाव, चाळीतली एक खोली आणि तिच्यात धुरी कुटुंब. मुलगा नरू टोळीत जातो. आईला सगळं दिसत असतं, पण तिला नाही म्हणायला दुसरी खोलीच नाही. ज्याची भीती वाटते, तो तिथंच जेवायला बसतो. 2010 साली महेश मांजरेकरांनी यावर 'लालबाग परळ' काढला. सिनेमा खोलीबाहेर पडतो, पडद्यावर गोळ्या सुटतात. तो मला आवडला, पण भीती नाटकाची वाटली. दिसणाऱ्या बंदुकीपासून निदान पळता येतं. नाटकातलं घर न दिसणाऱ्या हत्याराभोवती रोजचा चहा करत राहतं. मैत्रिणीचा वर्गही तसाच चालतो.

पण आपल्या वाक्याची आरती ओवाळायच्या आधी त्याची उणीव सांगायला हवी. ते फक्त परवानाधारकाशी बोलतं. नरूसारख्यांकडे परवाना कुठला? 1989 मध्ये मुंबईत कॉलेज निवडणुकीच्या वादातून एका विद्यार्थी नेत्याचा खून झाला. आवारात हत्यार नेण्यावर बंदी असलेल्याच देशात तो झाला. पुढे 1994 च्या विद्यापीठ कायद्यानंतर महाराष्ट्रात कॉलेजमधल्या थेट निवडणुकाच बंद झाल्या. हत्याराला आधीच बंदी होती, म्हणून मताला बंदी घातली! 2016 च्या नव्या कायद्यानं निवडणुकांची तरतूद परत आणली. तरी इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत मी एकदाही मतपेटी पाहिली नाही. आमचा प्रतिनिधी मार्कांवर ठरायचा, आणि मला त्यात काही वावगंही वाटलं नाही.

म्हणजे आपणही एक खोली गमावली आहे, फक्त वेगळी. तिथं वर्गात वाद घालायला माणूस कचरतो, कारण समोरच्याकडे काय आहे ते माहीत नसतं. इथं वाद घालायची जागाच काढून घेतली आणि तिला शांतता म्हटलं. 'बेसावध राहा' असं सांगणारं सुंदर वाक्य आपल्याकडे आहे. पण बेसावध राहून तिथं करायचं काय, तर नुसतं लेक्चर ऐकायचं?

मैत्रिणीला मी हे सगळं सांगितलं नाही. एवढंच म्हटलं, "आपल्याकडे नेता येत नाही." ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "तो मुलगा येऊन गेला. नीटच बोलला बिचारा. तो गेल्यावर वाटलं, मार्क देताना मी घाबरले नव्हते ना, हे आता कसं तपासू?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.